डाव्या पायाचे चौदा आणे

सर, नऊ दिवसांपासून लोक तुमच्याबद्दल इतकं गोड बोलताहेत की तुम्ही ऐकलं असतं तर एकेकाला मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या. तुम्ही म्हणे फार मायाळू होतात. तुम्ही म्हणे पोरींना पोटच्या लेकीसारखं जपलंत. डोळे पुसत हे सांगणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलीला तुम्ही अख्ख्या शाळेसमोर म्हणाला होतात, की तुझे पाय म्हणजे बेशरमाच्या झुडपाच्या काड्या, जनावरसुद्धा तोंड लावणार नाही. ते गृहस्थ विसरले, मी विसरले नाही. माणूस गेला की त्याच्यासोबत त्याचं तोंडही जाळून येतात लोक, आणि मग उरलेल्या माणसाची स्तुती करायला मोकळे होतात.

येत्या रविवारी तुमचं पुण्यानुमोदन आहे. भंतेजींचं झालं की शाळेच्या वतीनं मी बोलायचं, असं काकूंनी परस्पर ठरवलंय. "शालू बोलन, तिच्यावर लय जीव होता त्यायचा," असं त्यांनी चारचौघांत सांगूनही टाकलं. मी मान हलवली. आता आज सोमवार आहे, माझ्यापुढे कोरा कागद आहे आणि माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. ती सांगितली तर काकू मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. नाही सांगितली तर भरल्या मंडपात उभी राहून मी दुसऱ्यांदा खोटं बोलेन. पहिल्यांदा तुमच्याशी बोलले. तुमच्या डाव्या पायाचा आकडा मी तुम्हाला खोटा सांगितला, सर. तुम्ही त्या आकड्यावर काठी सोडलीत आणि पडलात.

हे आकडे ज्या चाकावर निघायचे ते शाळेतलं चाक रविवारी येणाऱ्या निम्म्या लोकांनी पाहिलेलंसुद्धा नाही. तुम्ही ते आणलंत तेव्हा कापसाची वाईट वर्षं सुरू झाली होती, जी अजून संपायची आहेत. बोंडं अळीनं पोखरलेली, भावाचं नाव नाही, आणि गावोगाव लोक सगळ्यात आधी बैल विकत होते. बैल गेल्यावर कडबा कापायचा कोणासाठी? केळापूरच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात कडबा कापायचं यंत्र गंजत पडलं होतं. त्याचं ओतीव लोखंडाचं जड चाक तुम्ही सोडवून आणलंत, पाती तिथेच टाकलीत, आणि शाळेच्या पडवीत दोन आडव्या पाइपांवर सरकणारी एक फळी बसवलीत. पोरीनं पाठ टेकून खाली बसायचं, पाय फळीवर ठेवायचे. फळीला बांधलेली नवार, खाटेला विणतात ती जाड पट्टी, आसनाखालून मागे जाऊन चाकाच्या दांड्यावर गुंडाळलेली. पायानं फळी ढकलली की नवार उलगडायची आणि चाक फिरायचं. नवार संपली तरी चाक थांबायचं नाही. ते तसंच फिरत राहायचं, नवार उलटी गुंडाळायला लागायचं आणि फळी अंगावर घेऊन यायचं. ती आता त्याच पायांनी अडवायची. जितक्या जोरानं ढकलली तितक्याच जोरानं ती परत यायची, म्हणून त्या चाकाला वजनाच्या थाळ्या लागत नव्हत्या. आठवीतल्या पोरीलाही तेच चाक आणि तुम्हालाही तेच.

नवार काकूंच्या खाटेची होती. तुम्ही एका दुपारी घरी जाऊन ती उसवून आणलीत आणि काकू पुढचे चार महिने जमिनीवर निजल्या. तुम्ही त्यांना विचारलंही नव्हतं. रविवारी कोणीतरी याला खेळाची तळमळ म्हणेल, तुम्ही बघाच.

जोर मोजायची तुमची रीत मात्र खरी अकलेची होती, ते मी नाकारत नाही. सायकलचा डायनामो चाकाच्या कडेला टेकवलात आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून काट्याचं मीटर आणून त्याला जोडलंत. चाक जितकं वेगात तितका काटा वर. मीटर मुद्दाम आसनाच्या मागे ठेवलंत, म्हणजे बसलेल्या पोरीला काटा दिसू नये आणि तिनं काट्याकडे बघून जोर लावू नये. हे चाक फिरवायला मुळात किती जोर लागतो ते कळावं म्हणून नवारेला किराणा दुकानातलं पाच किलोचं वजन टांगून तुम्ही ते एक अख्खी सुट्टी पाडत बसला होतात. मी तेव्हा नववीत. घड्याळ दाबायला तुम्ही मला धरून आणलं होतंत आणि माझी बोटं दुखायला लागली तरी सोडलं नव्हतंत.

पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, सुनीताचा काटा सगळ्यात वर गेला, म्हणजे सुनीताचे पाय सगळ्यात ताकदीचे. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं काही मी मैदानात थुंकले होते. "बैलबंडीही उतारावर पळते," तुम्ही म्हणालात. "वेग किती वेळात आणला ते सांग मले. तोच वेग अर्ध्या वेळात आणन तिचा जोर दुप्पट." सुनीताचे पाय लांब होते, ती सावकाश लांबवर ढकलून काटा वर न्यायची. गोट्यासारखी बुटकी वंदना तिच्यापेक्षा कमी काटा न्यायची, पण निम्म्याहून कमी वेळात. घड्याळ लावल्यावर सुनीता सातवी आली. ती रडली. तुम्ही तिला रुमाल द्यायचा सोडून पुढच्या पोरीला हाक मारलीत.

प्रत्येक पायाचे दोन आकडे निघायचे, फळी जातानाचा आणि फळी येतानाचा. दुसऱ्या कोणत्याही शिक्षकानं जातानाचा मोजून समाधान मानलं असतं. तुमचा सगळा जीव येतानाच्या आकड्यात. ढकलणं कोणालाही जमतं, आलेलं अडवतं कोण ते बघा, असं तुमचं म्हणणं. गुडघा उडी मारताना फाटत नाही, उतरताना फाटतो, हे तुम्ही आम्हाला इतक्यांदा ऐकवलंत की कबड्डीच्या पोरी ते चिडवायला म्हणायच्या. आणि दुखऱ्या पायाचा हिशेब तुम्ही आण्यांत करायचात. चांगला पाय म्हणजे रुपया, पुरते सोळा आणे. त्याच्या मानानं दुखरा पाय किती आणे भरतो ते काढायचं, आणि जातानाही चौदा, येतानाही चौदा भरले तरच पोरगी मैदानात. तेरा असले तरी बाहेर. आम्ही कोणी आणा डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी "तुहा पाय किती आणे?" असं एकमेकींना विचारायचो. मुख्याध्यापकांनी एकदा टक्के का काढत नाही म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात की टक्के पोरींना परीक्षेत पडतातच, पायात नवीन काहीतरी पडू द्या.

आणि शनिवारी सकाळी प्रार्थना झाली की तुम्ही ते आकडे वाचायचात. सगळ्यांसमोर. पोरं, पोरी, शिक्षक, शिपाई, फाटकाशी उभे पालक. नाव, पाय, जाताना किती, येताना किती, आत की बाहेर. आवाजात चढ नाही, उतार नाही. तुमच्या त्या आवाजाची मला अजून शिसारी येते.

वंदना आत्राम मारेगावकडच्या एका पोडावरची, आदिवासी वस्तीवरची होती, वसतिगृहात राहायची. चढाईला तिच्यासारखी पोरगी मी नंतर पाहिली नाही. दिवाळीत तिचा डावा गुडघा मुरगळला आणि तुम्ही तिला चाकावर बसवलंत. दर आठवड्याला एकेक आणा ती वर चढत होती. बारा झाले, तेरा झाले. नागपूरच्या निवडीला पंधरा दिवस होते, तेवढ्यात बापानं तिला फरदडीचा कापूस वेचायला घरी बोलावलं. पाण्यावाचून खुरटलेली ती झाडं, त्यांची उरलीसुरली बोंडं, आणि वेचायला माणूस लावायची ऐपत नाही. पंधरा दिवस ती पोरगी कमरेत वाकून वेचत होती आणि डोक्यावर गाठोडी घेऊन चालत होती. शुक्रवारी संध्याकाळी परत आली आणि तुम्ही तिला तशीच चाकावर बसवलीत. बस कशी होती हेसुद्धा विचारलं नाहीत.

शनिवारी तिचा बाप आला होता, तिला नागपूरला पोचवायला. धुतलेलं धोतर, पायात कुणाच्या तरी मागून आणलेल्या चपला. तुम्ही वाचलंत, "वंदना आत्राम. डावा. येताना अकरा आणे. बाहेर." तिच्या बापाला काही उमगलं नाही. तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, मास्तर काय म्हणते? मला सांगावं लागलं. त्यानं वंदनाची पेटी उचलली आणि दोघं फाटकातून बाहेर गेली, पोरं बघत होती. होळीच्या आधी तिचं लग्न झालं. पुन्हा ती शाळेत आली नाही.

मी तुमच्या खोलीत तडक आले होते. आकडा खरा आहे पण दिवस खोटा आहे, असं मी म्हणाले. थकलेला पाय मोजलात तुम्ही, आठ दिवस थांबून मोजा. तुम्ही वहीतून मान वर केली नाहीत. "मॅच काय वेचणी पाहून येते काय?" इतकंच म्हणालात. मग मी म्हणाले, निदान तिला एकटीला बोलावून सांगायचं होतं, बापासमोर तरी नको होतं. तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवलंत. "एकट्यात सांगतलेला आकडा पातळ होते, शालू. सांगणाराले दया येते न् ऐकणाराले आशा." मी म्हणाले, होऊ द्या पातळ. तुम्ही मला बाहेर काढलंत.

या एका वाक्यावर आपण किती वर्षं भांडलो, सर. मी कॉलेजात गेले तरी सुट्टीत येऊन भांडायची. काकू चहा ठेवून जायच्या आणि म्हणायच्या, तुमचं दोघांचं कोर्टात लावा एकदाचं.

आता तुमच्या बाजूनं एक बोलते, कारण रविवारी नाहीतर कोणीच खरं बोलणार नाही. वंदना शाळेतून गेल्याच्या पुढच्या वर्षी माझाच गुडघा गेला. तेरा आण्यांवर मी तीन महिने अडकले होते. तीन महिने शनिवारी माझं नाव, डावा, तेरा आणे, बाहेर. मी तुम्हाला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील, त्यांतल्या दोन तर तुम्ही गावातल्या ट्रकवाल्यांकडूनही ऐकल्या नसतील. माझी निवड हुकली. माझ्या जागी जी गेली तिचाही पाय दुखरा होता, ती दुसऱ्या शाळेची, तिच्या सरांनी नुसतं दाबून बघितलं आणि पाठवलं. आज ती जिना चढताना कठडा धरते. मी रोज पोरींबरोबर दोन तास पळते. या गुडघ्यावर मला नोकरी लागली, तुमच्याच शाळेत, तुमच्याच जागेवर. हे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. तुम्ही मला कधी सॉरी म्हणाला नाहीत, म्हणून मीही तुम्हाला कधी थँक्यू म्हणाले नाही, असा सगळा बालिशपणा.

नोकरी लागल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर शनिवारचं वाचन बंद केलं. आकडा मी चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, ज्या पोरीचा तिच्याच हातात द्यायला लागले. तुम्ही निवृत्त, पण रोज संध्याकाळी मैदानाकडेच्या प्रेक्षकांच्या गॅलरीच्या वरच्या पायरीवर येऊन बसायचात आणि माझ्या चिठ्ठ्यांना प्रेमपत्रं म्हणायचात. पोरी हसायच्या. मीही हसायची, आणि मनात म्हणायची, म्हातारा आता काही करू शकत नाही.

मग गेल्या वर्षी करंजीच्या रस्त्यावर तुमच्या स्कूटरला रानडुक्कर आडवं आलं. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला नेऊन आत सळई घातली. तुम्ही काठी टेकत परत आलात तेव्हा तुमची डावी मांडी माझ्या दंडाएवढी झाली होती. डॉक्टरांनी हळूहळू काठी सोडा म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला ते पटलं नाही. डॉक्टरनं फोटो काढला, जोर कुठे मोजला, असं म्हणून तुम्ही पडवीतल्या चाकावर येऊन बसलात आणि मला घड्याळ घ्यायला सांगितलंत. नियम तोच. चौदा आणे, जाताना आणि येताना. त्याशिवाय काठी सुटणार नाही.

पहिल्या महिन्यात येताना चार आणे होते. मग पाच. मग पुन्हा पाच. पोरी घरी गेल्यावर, पडवीत आपण दोघंच, मी मागे उभी राहून काटा वाचायची आणि तुमच्या कानाशी आकडा सांगायची. तुम्ही म्हणायचात, पुन्हा एकदा घे, नवार ढिली होती. सर, हे प्रत्येक पोरगी तुम्हाला म्हणायची. नवार ढिली होती, पाय घसरला, काल झोप नाही झाली. तुम्ही कोणाची एकदा तरी पुन्हा घेतलीत का? मी मात्र तुमची पुन्हा घेतली, तीनतीनदा घेतली, आणि दर वेळी आकडा तोच आला की मला आतून बरं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही. तुमची बारीक मांडी थरथरायची, फळी तुमच्या छातीवर येऊन आपटायची आणि मला वंदनाचा बाप आठवायचा.

पडलात त्या आठवड्यातल्या सोमवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. महिनाभर घरी काकूंच्या पिठाच्या डब्याला दोरी बांधून पायानं उचलत होतात, असं तुम्ही म्हणालात. बसलात. उजवा घेतला, मग डावा. जाताना चौदा आणे आले, ते खरंच चांगले होते. येताना आठ. फळी परत आली तेव्हा पहिल्या अर्ध्या अंतरात तुम्ही ती धरलीत आणि मग पाय सुटला, काटा कितीतरी वेळ वरच राहिला. तुमची पाठ माझ्याकडे होती. शर्ट भिजला होता. तुम्ही विचारलंत, "किती?"

तो तुमचा आवाज नव्हता, सर. तो शनिवारी रांगेत उभ्या असलेल्या पोरीचा आवाज होता.

"चौदा," मी म्हणाले.

"येताना?"

"येतानाही."

मला दया आली, असं मी नऊ दिवस स्वतःला सांगतेय. थोडी आलीही होती. पण तुमच्याशी आता काय खोटं बोलायचं. मला जिंकायचं होतं. एकट्यात, हळू आवाजात सांगितलेल्या आकड्यानं माणूस उभा राहतो, हे मला तुमच्यावरच सिद्ध करून दाखवायचं होतं. तुमच्या मानाला लागेल असा शब्द न बोलता तुम्हाला चालतं करायचं होतं आणि मग एखाद्या दिवशी सांगायचं होतं, बघा, तेव्हा आठच होते, पण चाललात की नाही? मी ते वाक्यही ठरवून ठेवलं होतं. आणि तुम्ही? ज्यानं माझ्या तेरा आण्यांवर कधी विश्वास ठेवला नाही, दर आठवड्याला वही स्वतः तपासली, त्यानं त्या दिवशी वही मागितली नाही. मागे वळून काट्याकडेही पाहिलं नाही. तुम्ही उठलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ठेवलात, सर, आणि तेव्हा ठेवलात.

गुरुवारी संध्याकाळी तुम्ही गॅलरीच्या वरच्या पायरीवर उभे होतात. काठी नाही. दोन्ही हात पाठीमागे, पूर्वी तपासणीला यायचात तसे. पोरींनी खेळ थांबवला आणि टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्या तोंडात शिट्टी होती. मी वाजवली असती तर तुम्ही थांबला असतात, शिट्टीवर थांबायची तुमची सवय मरेपर्यंत गेली नव्हती. मी वाजवली नाही. तुम्ही हसत होतात, पोरी टाळ्या वाजवत होत्या, आणि हे माझ्यामुळे झालं असं वाटून माझी छाती फुगली होती. सात पायऱ्या. तीन तुम्ही उतरलात. चौथीला उजवा पाय खाली गेला आणि सगळं अंग डाव्या गुडघ्यावर आलं. तिथे ढकलायचं काहीच नव्हतं. त्या गुडघ्यानं सावकाश वाकत तुमचं अंग तेवढं खाली सोडायचं होतं. तो अर्ध्यापर्यंत वाकला आणि सुटला. पडवीत सुटला होता तिथेच सुटला. तुमचं डोकं शेवटच्या पायरीच्या दगडावर आपटलं आणि एक पोरगी टाळ्या वाजवतच राहिली, तिला कळलं नव्हतं.

यवतमाळच्या दवाखान्यात तुम्ही एकदाच नीट शुद्धीवर आलात, शुक्रवारी दुपारी. काकू पाणी आणायला गेल्या होत्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तुहा आकडा बरोबर होता, शालू. म्याच पाय वाकडा टाकला." मी तुमचा हात धरून बसले होते. तोंड उघडायला पाच मिनिटं होती माझ्याजवळ, कदाचित दहा. मी तुम्हाला म्हणाले, बोलू नका, आराम करा. शनिवारी पहाटे तुम्ही गेलात. म्हणजे जाताना तुम्ही स्वतःलाच चुकलेलं मानून गेलात, आणि मी मानू दिलं.

इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना. म्हणून उठले आणि काकूंकडे जाऊन आले. आता परत येऊन लिहितेय.

काकू अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होत्या. रविवारी जेवायला किती माणसं धरायची ते बोलायला मी आले असं त्यांना वाटलं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. आठ होते, मी चौदा सांगितले. सोमवारी सांगितले, गुरुवारी ते पडले. शिट्टीचंही सांगितलं. दवाखान्यातलंही सांगितलं. काकूंचा हात थांबला नाही, त्या पाखडत राहिल्या, फोल उडत होतं. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्यातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

त्या रडल्या नाहीत, मला उठून जा असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, की तू पोरगी होती तवा त्यायनं तुले कधी खोटा आकडा सांगतला होता काय. मी नाही म्हणाले. एकदाही नाही? एकदाही नाही. त्यांनी मान हलवली, जशी बाजारात भाव ऐकून हलवतात.

"मंग रविवारी हेच बोल," काकू म्हणाल्या. "आठ होते न् म्या चौदा सांगतले. असंच बोल, साऱ्यायसमोर."

मी म्हणाले, काकू, मी तुम्हाला सांगितलं ना. तुम्ही म्हणाल ते मी करीन, नोकरी सोड म्हणाल तर सोडीन. पण मंडपात शाळेतल्या पोरी असतील, त्यांचे आईबाप असतील. उद्यापासून माझ्या हातात कोण आपली पोरगी देईल? एवढ्या लोकांसमोर नको.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्या घरात इतकी वर्षं येते मी, पण त्या बाईनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"काहून? वंदनाच्या वक्ताले लोक नव्हते काय?"

आणि त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. चहा विचारला नाही. रविवारी भंतेजींच्या नंतर माझं नाव आहे, सर, आणि मी आकडा वाचणार आहे.